खुणेच्या फांदीवरचे फळ

वसतिगृह, १२ जानेवारी २०२५

ती. वाहेदमामूंस,

जिनतचा सलाम. वि. वि. फोनवर तुम्हाला अर्धे ऐकू येत नाही आणि उरलेले अम्मी ऐकून घेते, म्हणून पत्र.

पीएच.डी.ची शेवटची चढण आली. सुरुवातीचा अभ्यासक्रम, दर सहा महिन्यांचे अहवाल, पहिल्या वर्षाच्या पाहणीवरचा छापील निबंध, सगळे झाले. वीस फेब्रुवारीला समितीपुढे सादरीकरण, मग प्रबंध, मग तोंडी परीक्षा. जूनपर्यंत पदवी मिळाली तर आष्टीच्या एका कॉलेजात जागा आहे.

एक काम आहे. माझा पाय मोडला होता तेव्हा, नेकनूरला हनुमानरावांच्या बागेत लिंबोळी अर्क फवारल्यानंतरची चाळीस सीताफळे, मी आधी खुणा बांधलेल्या फांद्यांवरची, तुम्ही तोडून पाठवलीत. त्याआधीच्या वर्षी, फवारणी नसताना, चाळीसांपैकी अठ्ठावीसांत अळी होती. तुमच्या फळांत तीनच. माझा प्रबंध या तिनांवर उभा आहे. 'खुणेच्या फांदीवर असेल तेच फळ, निवड न करता तोडले' असा कागद सोबत आहे, त्यावर सही करून पाठवा. सही वाचता येईल अशी करा, व्यापाऱ्याची नको.

लोभ आहेच, तो डॉक्टर झाल्यावरही राहू द्या.

तुमची जिनत

बीड, २० जानेवारी २०२५

चि. जिनत हिस अनेक दुवा. इकडे खैरियत आहे.

कागद चार दिवस दुकानात पडून होता. सही केली आहे, कागद सोबत जोडला आहे. पण त्यात लिहिलेले खरे नाही. खुणेच्या फांदीवर डागाचे फळ दिसले की माझा हात शेजारच्या फांदीवर जाई. तीस वर्षांत गिऱ्हाइकाला किडके फळ दिले नाही, मग तुला, ते पण इतक्या मोठ्या शाळेत, कसे पाठवू असे वाटले. तुला अळीच मोजायची आहे हे डोक्यात शिरले नाही. ती तीन माझ्या नजरेतून सुटलेली.

तुझी अम्मी म्हणते, सही केली न्हवं, आता फळाला कोन इचारायलंय, गप बसा. मी शरमिंदा आहे. कागद ठेवायचा की फाडायचा, तू ठरव. माझ्याकडून कुणाला कळणार नाही.

नाराज झालीस तरी पत्र लिहिणे सोडू नये.

वाहेद

वसतिगृह, ३ फेब्रुवारी २०२५

ती. मामूंस सलाम. वि. वि.

दोन दिवस तुमचा फार राग आला. कागद वहीत ठेवून गप्प बसले होते. मग हनुमानरावांचा फोन आला. अर्काचा लई गुण आला म्हणत्यात, आता सगळ्या बागेला तेच मारतो, असे म्हणाले. तेव्हा तुमचे पत्र घेऊन माझ्या मार्गदर्शक रोहिणी मॅडमकडे गेले.

त्यांनी ते प्रकरण काढायला आणि पुन्हा एक हंगाम घ्यायला सांगितले. अर्क निरुपयोगी ठरला तरी पदवी अडत नाही, आकडे खरे हवेत, असे म्हणाल्या. सादरीकरण पुढे गेले, आष्टीची जागाही गेली. रडले, तुमच्यापासून काय लपवायचे.

चूक माझीही आहे. फळवाल्याकडून वाईट फळ मागवताना कारण सांगायला हवे होते. ऑक्टोबरात मी इथे तासिकांवर शिकवत असेन, सुट्टी नाही. तोडणी तुम्हीच करायची. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

राग गेला आहे. लोभ तुमच्याकडूनही तेवढाच असावा.

जिनत

बीड, ९ ऑक्टोबर २०२५

चि. जिनत हिस अनेक दुवा.

हनुमानरावांनी अर्क माझ्यासमोर फवारला होता. खुणेच्या चाळीस फांद्यांची चाळीस फळे एसटीच्या पार्सलने पाठवली आहेत. हात दोनदा शेजारी गेला, मागे घेतला. आत किती ते तू कापून बघ, वरून मला सत्तावीस किडकी दिसली. हनुमानराव बघून खट्टू झाले.

स्टँडवर पार्सलवाल्याने पेटी उघडली. बाजारातले चार फळवाले तिथेच उभे होते. त्याने सगळ्यांदेखत विचारले की वाहेदभाई, असला माल कदीपासून विकायलात. मी खुलासा केला नाही. पाठवणाऱ्याच्या जागी माझे पूर्ण नाव दुकानासकट लिहिले, वाचता येईल असे.

अम्मीच्याही दुवा. तब्येत सांभाळून शिकव.

वाहेद