चौरागडाला गेलेला माझा त्रिशूळ

हसनाबाद, शिवरात्रीनंतरचा सोमवार, १९९२

नवस माझा, अन् डोंगर चढून आली धाकटी जाऊ शेवंता! माझा दत्तू लहानपणी तापानं फणफणला, तवा पचमढीकडल्या चौरागडाच्या महादेवाला त्रिशूळ वाहीन म्हणून मीच बोलले होते. आता त्याच दत्तूनं गाडी केली अन् नेलं कुणाला? काकूला. मला म्हणला, "आई, तुझ्या गुडघ्यांना झेपायचं न्हाई." शेवंताचे गुडघे काय लोखंडाचे हायेत?

आज खळ्यावर सगळ्या बाया तिच्याभोवती. हरभऱ्याचे ढीग करून डोंगर दाखवून राह्यली होती. "हा धूपगड, सगळ्यात उंच. हा चौरागड, महादेवाचा. मधी खोल दऱ्या अन् सरकारनं राखलेलं जंगल. वाघ हायेत तिथं, आक्का!"

"मंग तुला कसं सोडलं वाघानं?" म्हणलं. बाया हसल्या, पण पुन्हा तिच्याकडंच वळल्या.

खोटं कशाला लिहू, जळले मी. मला वाटायचं, महादेवाचा डोंगर एकटाच उभा असंल. तिनं एवढे डोंगर पाह्यले, अन् मी नुसते हरभऱ्याचे ढीग.

शेवटी विचारलं, "त्रिशूळ कुणाच्या नावानं वाह्यला?"

तिनं जीभ चावली. "गर्दीत तोंडातून माझंच नाव निघालं, आक्का."

माझा त्रिशूळ, अन् तिच्या नावानं! मंग माझा नवस फिटला का न्हाई? हे शेवंतानं सांगायचं न्हाई. दत्तूनं सांगायचं, माझ्यासमोर बसून.