उद्या उघडणे

३ फेब्रुवारी २०१९, रविवार

सकाळीच विनताचा फोन. माझी २००८ची विद्यार्थिनी. ज्या सरकारी खात्यात मी अकरा वर्षं काढली, तिथेच आता ती आहे. माझा जुना प्रोग्राम अजून चालून राहिला होता म्हणे! आता नवीन येतो आहे. "सर, एक बार आ जाओ ना. मध्ये मध्ये तुम्ही मराठीत काहीतरी लिहिलं आहे. साहेब विचारतात हे काय, अन् मला अर्धंच समजते."

खरं आहे. प्रोग्राममध्ये आपल्यासाठी टीप लिहून ठेवता येते, मशीन ती वाचत नाही. मी अशा टिपा इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत लिहायचो. सगळं ऑफिस हिंदी. कोण वाचणार होतं.

दुसरं म्हणजे १७ तारखेला कॉलेजात माझा सत्कार. कारखाना, सरकार, कॉलेज, सगळी मिळून पस्तीस वर्षं. विनता म्हणाली, "कुंदाबाईचा किस्सा नक्की सांगायचा हं सर." पुष्पा ठवरे येणार का, मी विचारलं. त्या वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी. "पता नहीं सर, उसने तो दूसरे साल ही छोड़ दिया था." ते मलाही माहीत आहे. काहून सोडलं, ते कोणालाच माहीत नाही. मला आजही हळहळ वाटते.

५ फेब्रुवारी

गेलो. विनता शेजारी वही घेऊन बसली, मी वाचून सांगत गेलो. "साहेब आज सकाळपासून तडकले आहेत." "पंखा बंद, डोकंही बंद." "शरयूने दोडके सांगितले, विसरू नको." पोरगी हसून राहिली, मीही.

मग सप्टेंबर ९४. "महालक्ष्म्या. घरी लवकर. दुबार नावांची तपासणी बंद केली आहे. उद्या उघडणे." खाली माझी आद्याक्षरं – अ. दे. आणि खालची ओळ अजून बंदच.

"सर, ये क्या लिखा है?"

"सणाची सुट्टी," म्हटलं. तिने तेवढंच लिहून घेतलं.

६ फेब्रुवारी

जेवलो नाही. बायकोला, शरयूला, म्हटलं, पोट बिघडलं.

७ फेब्रुवारी

निदान कागदावर तरी खरं लिहावं.

९४ साली शिक्षकांची निवड यादी आमच्या मशीनवर निघाली. एकाच माणसाचे दोन-दोन फॉर्म यायचे. आमची टायपिस्ट कुंदाबाई ते जसे आले तसे मशीनमध्ये भरायची. दोनदा आलेला पकडायचं काम तिचं नाही, माझ्या प्रोग्रामचं. चाचणी घेताना ती तपासणी आड येत होती म्हणून मी तिची ओळ बंद केली. घरी महालक्ष्म्यांचं जेवण, सोळा भाज्या, पाहुणे. दुसऱ्या दिवशी विसरलो. त्रेचाळीस नावं यादीत दोनदा आली, आणि तेवढीच माणसं बाहेर राहिली. पेपरात आलं. चौकशी बसली. मी सांगितलं, प्रोग्राम बरोबर आहे, भरणाऱ्याने घोळ केला. उघडून पाहिलाही नाही! माझा प्रोग्राम चुकतो हे डोक्यातच येत नव्हतं तेव्हा. पुढच्या वर्षी तपासणी नव्याने दुसऱ्याच जागी लिहिली, या ओळीकडे परत गेलो नाही.

कुंदाबाई रोजंदारीवर. दुसऱ्या आठवड्यात तिला घरी पाठवलं. खुर्चीवरची उशी घेऊन गेली, एवढं आठवते.

आणि मी काय केलं, तर तिचा किस्सा केला. बारा वर्षं दर नव्या वर्गाला सांगितला. "आमच्याकडे एक कुंदाबाई होती. मशीन शहाणी, बाई दिव्य." वर्ग हसायचा. मग मी गंभीर होऊन सांगायचो, माणूस चुकतो, मशीन चुकत नाही.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

९ फेब्रुवारी

शरयूला सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हटलं, त्या दिवशी महालक्ष्म्या होत्या म्हणून– "देवीवर ढकलू नका," म्हणाली. मग जुडी संपवून, "कुंदाबाई इथेच, अधारतालला मेन रोडवर टायपिंगच्या दुकानात बसते. मी पाहिलं आहे."

मी म्हटलं, आता पंचवीस वर्षांनी सांगून काय होणार. शरयू निवडलेली मेथी घेऊन आत गेली. जेवताना वाढलं, पण समोर बसली नाही.

११ फेब्रुवारी

ऑटोने अधारताल. कुंदाबाई कोणाचं शपथपत्र टाइप करून राहिली होती. केस पिकले, बोटं तशीच भराभर. मला ओळखलं. "बसा देशकर साहेब."

पाठ करून गेलो होतो, तरी अडखळत सांगितलं. तिने हातातला कागद पूर्ण केला, गिऱ्हाईकाला दिला, मग म्हणाली, "मी नाही चुकले, हे मला तेव्हाच माहीत होतं. तुम्हाला माहीत व्हायला पंचवीस वर्षं लागली."

मी म्हटलं, माफ करा. "किस्सा ऐकला तुमचा," म्हणाली. "आमच्या घरापर्यंत आला होता." कोणी सांगितला, हे विचारायची हिंमत झाली नाही. तिचं आडनावही मला माहीत नव्हतं. तेही आज विचारवलं नाही.

मी उठताना म्हणाली, "मला एकटीला काहून सांगता? जिथे हसवलं तिथे सांगा."

चहा दिला तिने. पिऊन निघालो.

१७ फेब्रुवारी

शाल, श्रीफळ, भाषणं. मागून कोणी ओरडलं, "सर, कुंदाबाई!" सगळे आधीच हसायला लागले.

उभा राहून सांगितलं. चूक माझी होती. प्रोग्राममधला तो शेरा वाचून दाखवला, तारखेसकट. विनता मोबाइलवर व्हिडिओ काढून राहिली होती, तिचा हात खाली आला, मग परत वर गेला. खात्याला पत्रही लिहून दिलं, ते तिच्याच हाती. "सणाची सुट्टी" हे खोटं होतं, तेही सांगितलं. शाल मी तिथेच खुर्चीवर ठेवून आलो. घरी शरयू आज समोर बसून जेवली.

वाटलं, थोडं हलकं होईल. थोडं झालंही.

१९ फेब्रुवारी

नागपूरहून फोन. "सर, मी पुष्पा ठवरे. विनताने व्हिडिओ पाठवला. कुंदाबाई माझी आई. पुढच्या वर्षी ते कळलं, म्हणून कॉलेज सोडलं." मग म्हणाली, "वर्गात तुम्ही किस्सा सांगितला ना सर, सगळ्यांसोबत मीही खूप हसले होते. मला कुठे माहीत, आई कधी तुमच्या ऑफिसात होती ते. घरी येऊन तोच किस्सा आईला हसून हसून सांगितला. ती पोळ्या लाटत राहिली."