घर, करवत आणि भिंतीपलीकडचे आंबे

मी, सिंधुबाई मल्हारी पगारे, वय त्र्याहत्तर, निवृत्त परिचारिका, राहणार मैत्री कॉलनी, जेलरोड, नाशिकरोड, डोके ठिकाणावर असताना आणि हात थरथरायला लागण्याआधी हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. मला हे कोणी लिहायला लावलेले नाही. डॉ. मीना अहिरे यांनी प्रकृती तपासून दिलेला दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. नोकरीत पुष्कळांच्या उशाशी बसले. माणसाचे बोलायचे राहून जाते आणि मागचे लोक त्याच्या नावाने आपापल्या सोयीचे बोलतात, हे पाहिले आहे. तशी वेळ नको.

कलम १. घर. वरील पत्त्यावरील बंगला व मोकळी जागा माझ्या एकटीच्या नावावर आहे. प्लॉट घेतला तेव्हा माझे यजमान मल्हारी पगारे मनमाडला रेल्वेत होते. ते म्हणाले, "माझी आज इथं, उद्या तिथं बदली. तू जागची हलणार नाहीस. तुझ्याच नावावर कर." लोक हसले, ते हसणाऱ्यांकडे बघायचेही नाहीत. हे घर मी मुलगा नवनाथ आणि मुलगी अंजली यांना समान हिश्श्याने देते. लग्नात अंजलीला तिचे मिळाले, असे कोणी म्हणू नये. लग्नात तिला भांडी मिळाली होती.

कलम २. बँकेतील शिल्लक व दागिने. अंत्यविधीचा खर्च वजा जाता जे उरेल ते दोघांत निम्मे. अंत्यविधी साधा असावा. त्रिसरण-पंचशील घ्यावे, जेवणावळ घालू नये. डोळे दान करावेत. त्याचे कागद कपाटात वरच्याच खणात आहेत. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले डोळे घेतात का, असे अंजलीने विचारले होते. घेतात.

कलम ३. आंब्याचे झाड. याबद्दल जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण माझ्या घरातले सगळे रुसवेफुगवे या झाडाखालचे आहेत.

केशरचे हे कलम यजमानांनी वणीहून एसटीने आणले, मांडीवर धरून. पश्चिमेच्या भिंतीजवळ लावले. पहिल्या वर्षी आलेला मोहोर मी खुडला, कारण रोप अजून अंगात भरले नव्हते. त्यावरून ते दोन दिवस जेवताना गप्प होते. पुढे झाड वाढले आणि त्यांनी त्याला कधी कात्री लागू दिली नाही. माझा भाऊ गेणू वणीकडे द्राक्षाचा बागायतदार. तो दर वेळी सांगायचा, "दाजी, मधला गुंता काढा. ऊन आत गेलं पाहिजे." हे म्हणायचे, "लेकराची बोटं कापतं का कोणी?"

झाड दाट होत गेले. आंबे फक्त शेंड्याला लागू लागले आणि ते वटवाघळे खायची. खालच्या खोलीत दिवसा दिवा लावावा लागे. भिंतीपलीकडे भिमाजी खैरनार राहतात, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. एक जाड फांदी त्यांच्या अंगणावर लांबच लांब गेली होती. पाला पडतो म्हणून त्यांनी अनेकदा सांगितले. यजमानांनी ऐकून घेतले, केले काही नाही.

मग एका मे महिन्यात वादळ आले आणि ती फांदी बुंध्यापासून उकलून खाली आली. भिमाजींची पत्नी लताबाई अंगणातले वाळवण उचलत होत्या. त्यांचा उजवा हात कोपरापासून मोडला. मी भिंतीवरून उडी मारून गेले. त्या वयात ती कशी मारली, ते आजही मला माहीत नाही. हाताला फळी बांधली, रिक्षात बसवले.

दुसऱ्या दिवशी भिमाजींनी भाड्याने करवतवाला आणला आणि आपल्या बाजूच्या सगळ्या फांद्या उडवल्या. यजमान ओट्यावरून ओरडले, "अरे, झाड आहे का काय आहे ते!"

भिमाजी म्हणाले, "माझी बायको आहे का काय आहे ती, ते आधी विचारा!"

दोघेही खरे बोलत होते. त्यानंतर ते एकमेकांशी बोलले नाहीत.

लताबाईंचे प्लास्टर निघाले तरी बोटे वळत नव्हती. रोज संध्याकाळी यजमान फिरायला आणि भिमाजी बाजारात गेले की मी मागच्या फाटकाने त्यांच्याकडे जाई, कोमट पाण्यात हात धरून व्यायाम करून घेई. नवऱ्यांना सांगायचे नाही, असे आमचे ठरले होते. थोड्या दिवसांनी माझ्या लक्षात आले की यजमान परत येताना कोपऱ्यावरूनच मोठ्याने खोकतात. खोकला तर त्यांना नव्हता. मी घरी पोहोचून चहा टाकेपर्यंत ते बाहेर चप्पल झाडत उभे राहायचे. त्यांनी मला त्याबद्दल कधी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. आमच्या संसारातली ही गोष्ट मुलांना माहीत नाही, म्हणून इथे लिहिली. तुमचे बाबा हट्टी होते, पण निष्ठुर नव्हते.

ते गेले तेव्हा झाडाची अवस्था वाईट होती. एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला फाटलेल्या जखमा. जखमांतून खोडकिडा शिरला होता, बुंध्याशी भुसा पडायचा. गेणूला बोलावले. तो म्हणाला, "ताई, दोनच रस्ते. तोडायचं, नाहीतर निम्म्यावर आणायचं. निम्म्यावर आणलं तर दोन-तीन वर्षं फळ नाही."

नवनाथचा पुण्याहून फोन आला. "आई, बाबांची एवढी एकच आठवण आहे आणि तू त्यावर करवत चालवणार?"

मी म्हणाले, "अरे, जखम चिघळली की मी झाकून ठेवत नाही. साफ करते. मला दुसरं काही येत नाही."

पावसाळा सरल्यावर दिवस ठरवला. अंजलीने सुट्टी घेतली. गेणूने माणूस पाठवायचे कबूल केले होते, तो आला नाही. आम्ही दोघी शिडीकडे बघत उभ्या होतो, तेवढ्यात फाटक वाजले. भिमाजी आत आले. हातात स्वतःची करवत आणि दोरखंड. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी मी रागात कापलं. आज तुम्ही बोट दाखवाल तिथंच कापतो."

मी बोट दाखवत गेले. आधी खालून चीर, मग वरून कापायचे, म्हणजे साल फाटत नाही. फांदी दोराने बांधून हळू उतरवायची. अंजली दोर धरून होती. किड्याची भोके मी तारेने साफ केली, रॉकेलचा बोळा घालून ओल्या मातीने बुजवली. प्रत्येक कापावर मोरचूद-चुन्याचा लेप दिला. भिमाजी वरून म्हणाले, "पगारेसाहेब असते तर मला झाडावर चढू दिलं नसतं."

मी म्हणाले, "शिडी मात्र धरली असती."

ते बराच वेळ खाली उतरले नाहीत.

यजमानांच्या पहिल्या स्मृतिदिनाला नणंद शकुबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "नवरा गेला आणि हिनं झाडसुद्धा बोडकं केलं." तो शब्द मी विसरलेले नाही. शकुबाईंना या मृत्युपत्राने काहीही देत नाही. त्या भेटायला आल्या तर चहा द्यावा, साखर कमी.

दोन वर्षे नुसती पालवी आली. दाटी करणारे फुटवे काढले, जोमदार तेवढे ठेवले. तिसऱ्या वर्षी मोहोर आला आणि हाताला लागेल अशा उंचीवर आंबे धरले. खालच्या खोलीत आता दुपारी उन्हाची पट्टी येते. नवनाथ मेमध्ये आला, झाडाखाली खुर्ची टाकून बसला. जाताना आंब्यांची पेटी मागितली.

कलम ४. हत्यारे. करवत, द्राक्षछाटणीची कात्री आणि शिडी अंजलीला. छाटणी आंबे उतरल्यावर, जोराचा पाऊस लागण्याआधी करावी. वाळलेले, एकमेकांवर घासणारे आणि आत वळलेले काढावे. कात्री दुसऱ्या झाडाला लावण्याआधी पुसावी.

कलम ५. झाड राखण्याची अट मी घालत नाही. आमच्या गल्लीत बिल्डर फिरतो आहे आणि नवनाथच्या मनात काय आहे ते मला दिसते. घर विकावेसे वाटले तर विका. झाडापायी बहीण-भावांनी कोर्टात जाऊ नये. एका झाडापायी दोन घरे गप्प झालेली मी पाहिली आहेत. एवढेच करा, आंबे उतरवून मगच सही करा.

कलम ६. या ठिकाणी मी लिहिले होते की भिंतीपलीकडे नव्याने गेलेल्या फांद्यांचे आंबे भिमाजी व लताबाई यांचे. ते कलम मी खोडले असून बाजूला सही केली आहे. कारण असे. भिमाजी साक्षीदार व्हायला आले. मृत्युपत्र तपासायला आलेल्या वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये.

भिमाजींनी विचारले, "म्हणजे एकतर आंबे, नाहीतर सही?"

"हो."

"मग आंबे खोडा. पगारेंच्या घरच्या कागदावर मला सही करायची आहे."

लताबाई भिंतीपलीकडून ऐकत होत्या. म्हणाल्या, "खोडा खुशाल. आंब्यांना कागद कशाला लागतो?"

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अंजलीने करावी.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

ठिकाण : नाशिकरोड
दिनांक : १४ जुलै २०२४

(सही) सिंधुबाई मल्हारी पगारे

साक्षीदार :
१. (सही) डॉ. मीना अहिरे
२. (सही) भिमाजी त्र्यंबक खैरनार, शेजारी