सत्तावीस नंबरची टाकी

नवीन पनवेल,
सोमवार, १७ मे १९९३

तीर्थस्वरूप दाजींना (आणि दिवसभर क्लच दाबून सुजलेल्या त्यांच्या डाव्या पायाला वेगळा) काशिरामचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुमची कंबर आता कशी आहे? त्या वैद्याचं तेल लावून ट्रेलरवर बसू नका, मागच्या वेळी सीटला चिकटला होता असं ताई सांगत होती. तिने पाठवलेली सुकट पोचली. शेजारच्या बिऱ्हाडाने वासावरून सोसायटीकडे तक्रार करायची धमकी दिली, म्हणून त्यांनाही वाटीभर दिली. आता ते रोज विचारतात, ताई परत कधी येणार.

तुम्ही नेहमी विचारता, तू कारखान्यात नक्की करतोस काय. तर एकदाचं सांगून टाकतो. तळोज्याच्या बाजूला आमचे महादेवशेठ लोखंडी टाक्या बनवतात, हजार हजार लिटरच्या, चार पायांवर उभ्या. रसायनवाले त्यात जे जे काही जळतं, पोळतं आणि नाकात गेलं की माणूस आडवा होतो ते भरतात आणि न्हावा शेव्याहून बोटीने परदेशी पाठवतात. (शेठचं घराणं मिठागरवालं. मीठ सांडलं तर कुणी मरत नाही, एवढाच त्यांचा या विषयातला पिढीजात अनुभव.) तिथे मी चाचणी विभागाचा प्रमुख आहे. विभागात मी, एक स्टूल, हवेचा दाब दाखवणारं एक घड्याळ आणि साबणाच्या पाण्याची बादली एवढे जण आहोत, आणि त्यातल्या त्यात काम बादली करते.

या टाक्यांना परदेशी जायचं तर दाखला लागतो. त्याच्या नियमांचं एक पुस्तक आहे, उशाला घेतलं तर मान धरेल असं जाड. ते लिहिणारा एकतर भयंकर भित्रा असावा किंवा लहानपणी त्याच्यावर काहीतरी सांडलं असावं. म्हणे नमुन्याची टाकी भरून वरून उचला, मग खालून उचला, तिच्या डोक्यावर वजन रचा, हवा भरून सांध्यांना साबणाचं पाणी लावा आणि दहा मिनिटं बुडबुडे येतात का बघत बसा. एवढं सोसून ती उभी राहिलीच तर पाण्याने जवळजवळ काठोकाठ भरून चार फुटांवरून फरशीवर पाडा. वर दर अडीच वर्षांनी पुन्हा तपासणी. माझी तपासणी चौथीत असताना शाळेत डॉक्टर आले होते तेव्हा झाली, त्यानंतर मला कुणी विचारलेलं नाही.

तर त्यासाठी मुंबईहून इन्स्पेक्टर साहेब आले. अंगाने तुमच्याकडच्या सुकटीसारखे, गळ्यात चष्म्याची दोरी, काखेत ते पुस्तक. चहा घेतला नाही, शहाळं घेतलं नाही, आणि शेठने पुढे केलेलं पाकीट (त्यात देवीचा अंगारा होता असं शेठ म्हणतात) एका बोटाने परत सरकवलं. अशा माणसाशी वागायचं कसं तेच मला कळत नाही. तेवढ्यात शेठच्या आई गुणाबाई ताट घेऊन आल्या, टाकीला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, आणि नारळ नेमका खालच्या व्हॉल्ववर फोडला. व्हॉल्वची मूठ वाकली. साहेबांनी वहीत लिहिलं, मूठ वाकली, कारण नारळ. आम्ही मूठ बदलली. मग क्रेनने टाकी वर गेली तर खाली फरशीवर गोणपाटाच्या चार घड्या अंथरलेल्या. साहेब म्हणाले, हे काय? शेठ हात जोडून म्हणाले, "साहेब, पोटची पोर हाय, जरा मऊ पडू द्या." साहेबांना पोरबाळ नसावं. गोणपाटं काढायला लावली आणि टाकी पाडली. तो आवाज ऐकून बाहेर झोपलेली कुत्री जी पळाली ती दोन दिवस दिसली नाहीत. साहेब गुडघ्यांवर बसून रांगत रांगत तिच्याभोवती फिरले. तळाच्या एका कोपऱ्याला हा एवढा पोचा, पण पाण्याचा थेंब नाही. टाकी पास.

आता शिकलेल्या माणसाचं डोकं बघा. पास झालेल्या त्याच टाकीवर त्यांनी लाल रंगाची फुली मारली आणि म्हणाले, ही भंगारात काढा. नमुना टिकला म्हणजे तशाच बनवलेल्या बाकीच्या एकोणचाळीस चालतील, हिने मात्र मार खाल्लाय, कुठे बारीक तडा गेला असेल तर डोळ्यांना दिसायचा नाही. म्हणजे परीक्षेत पहिली आलेली पोरगी घरी बसवायची आणि जिने पेपरच दिला नाही तिला नोकरीला लावायची. साहेबांची गाडी गेटबाहेर पडते न पडते तोच शेठ माझ्याकडे वळले. "काशिराम, आमचे आयचे हंड्याला सात पोचे हाईत. पानी कदी गललाय का? ठोक नी सरल कर." आणि खरं सांगतो, मला पटलं. पोचा आला म्हणून आपल्यात कुणी हंडा फेकलाय का? तांबटाकडून ठोकून आणतो आणि वर लेकीच्या रुखवतात मांडतो. आमच्या सुदाम वेल्डरने दुपारपर्यंत पोचा काढला, रंगाचे दोन हात दिले, फुली गेली. चाळिसांच्या गर्दीत नजरेत येऊ नये म्हणून तिला मधलाच सत्तावीस नंबर ठोकला. चाळीसची ऑर्डर होती, चाळीस भरल्या. मी सगळ्यांच्या कागदावर "गळती नाही" असं लिहून खाली झोकदार सही केली. साहेब पुस्तक घेऊन मुंबईत बसले आणि त्यांची भंगारातली टाकी नव्या नवरीसारखी आमच्या आवारात उभी.

तर असं हे आमचं खातं. त्या पुस्तकाचा उपयोग लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून होईल, त्यापलीकडे काही नाही, हे मी लेखी देतो. ताईला नमस्कार. अंकिताचा दहावीचा निकाल लागला की कळवा.

तुमचा मेहुणा (आणि बादलीचा साहेब),
काशिराम

ता. क. पत्र टपालाने न टाकता एस.टी.च्या चांगो कंडक्टरच्या हाती देतोय, कारण ते गुरुवारच्या आत तुमच्या हातात पडायला हवं. त्या चाळीस टाक्या गुरुवारी भरून बंदरावर जायच्या आहेत. त्यातली एक खेप तुमच्या ट्रेलरची आहे असं आज कळलं. सत्तावीस नंबर घेऊ नका. गाडीचा पाटा तुटलाय म्हणा, कंबर गेलीय म्हणा, काहीही म्हणा. आतला माल पेट घेणारा आहे. तुम्ही पळस्पे फाट्यावर गाडी लावून मालालाच टेकून बिडी ओढता, हे मी स्वतः पाहिलंय.

ता. क. २. वर लिहिलं नाही ते लिहितो. सत्तावीसमध्ये हवा भरून साबण लावला तेव्हा, रंगाचे दोन हात असूनही, तळाच्या त्याच कोपऱ्यात एक बुडबुडा आला. मोहरीएवढा. बाहीने पुसला, तर पुन्हा आला. पुन्हा पुसला आणि दहा मिनिटं व्हायच्या आधीच हवा सोडून दिली. मग सही केली. तेव्हा टाकी कुणाच्या गाडीवर चढणार ते माहीत नव्हतं, म्हणून सही झोकदार आली. आज तुमचं नाव ऐकलं आणि हे पत्र लिहायला बसलो. मला माझी लाज वाटते, दाजी. तो सुकट माणूस खरं बोलला होता.

ता. क. ३. पाकीट बंद केलं होतं, पुन्हा फोडलं. तुम्ही नाही नेली तर दुसरा कुणी नेईल, आणि त्यालाही घरी बायको असणार. म्हणून उद्या सकाळी साहेबांना मुंबईला फोन करून सगळं सांगतोय, सहीसकट. त्यानंतर शेठ मला गेटाच्या आत घेणार नाहीत. तुमच्या मालकाकडे क्लीनरची जागा आहे का, विचारून ठेवा. (एवढंच विचारायला बसलो होतो, धीर यायला बाकीची पानं लागली.) ताईला मात्र यातलं काही सांगू नका. शेठकडे मला लावताना तिनेच त्यांना सांगितलं होतं, हुशार नाही आमचा काशिराम, पण खोटं लिहायचा नाही.