स्वस्त हेडफोन आणि अण्णांचं मत

तीर्थस्वरूप आत्यास,

वाकून नमस्कार. तुझे गुडघे, तुझी झोप आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंशी चाललेलं तुझं भांडण, सगळं यथास्थित असेल अशी आशा करतो. आम्ही इकडे खुशाल आहोत. खरं सांगायचं तर खुशालीच्याही जरा पुढे गेलो आहोत, आणि फोनवर ती हकीकत मावायची नाही म्हणून पत्र लिहायला बसलोय. तू आधी चष्मा पूस, पाय वर घेऊन नीट बस. बसलीस? आता वाच.

माझं काम तुला ठाऊक आहेच. (ठाऊक नाही. मी डॉक्टरांकडे असतो असं तू लोकांना सांगतेस आणि लोक मला गाठून जीभ काढून दाखवतात.) डॉक्टर मंडळी रुग्ण तपासून झाला की यंत्रात बोलून ठेवतात आणि मी दिवसभर ते ऐकून टाइप करतो. माझं पोट कानांवर चालतं, म्हण ना. गेल्या महिन्यात माझे जुने हेडफोन डाव्या कानाने गेले. आठवडाभर उजव्या कानावर काम रेटलं आणि एका बाईंच्या अहवालात ‘पोटात तीन दिवसांपासून मळमळ’ असं हवं तिथे ‘मलमल’ टाइप करून पाठवलं. डॉक्टरांनी शेजारी लाल शाईने ‘किती मीटर?’ लिहून कागद परत पाठवला. आमच्या मुख्य बाईंनी तो आधी सगळ्यांना वाचून दाखवला, भरपूर हसल्या, आणि मग मला आत बोलावून दार लावून सांगितलं, की अशी आणखी एक चूक झाली तर तुम्हाला फायली लावायच्या कामावर बसवावं लागेल. हसून झाल्यावर असं बोललेलं फार लागतं ग.

तेव्हा त्याच संध्याकाळी हेडफोन आणले. झेपतील असे, म्हणजे स्वस्तातले. आणण्याआधी लोकांची मतं वाचली, ती चूकच झाली. एकाने लिहिलं होतं, ‘कान धन्य झाले’. त्याखाली दुसऱ्याने, ‘कान गेले’. तिसऱ्याचं मत, ‘खोकं मजबूत आहे’. (मी तिसऱ्यावर विश्वास ठेवला. माणूस समतोल वाटला.)

घरी आल्यावर तेच सुरू झालं. मला स्वतःला आवाज लख्ख वाटला, डॉक्टर कुठे थांबून चहाचा घोट घेतात तेही कळायला लागलं. तुझ्या सुनेने, म्हणजे आमच्या हिने, दोन मिनिटं ऐकून सांगितलं, की कुणीतरी बादलीत तोंड घालून बोलतंय. आणि तिच्या भावाने तर ते कानाला लावायलाही नकार दिला. माझा हा मेहुणा फरशा विकतो, पण आवाजातलं त्याला इतकं कळतं (असं तोच सांगतो) की घरात त्याचं नावच ‘तज्ज्ञ’ पडलंय. त्याचे स्वतःचे हेडफोन मखमली डब्यात झोपतात. आमच्याकडे जेवायला येतानासुद्धा तो डबा घेऊन येतो. माझे हेडफोन त्याने चिमटीत धरून म्हटलं, “भावजी, यात बेस नाही, खोली नाही, काही नाही. याच्यापेक्षा भिंतीला कान लावा.”

आत्या, माणसाने ऐकून ऐकून किती ऐकायचं? मी म्हटलं, रविवारी परीक्षा. डोळे बांधून.

रविवारी जेवणं झाल्यावर टेबल मोकळं केलं. तज्ज्ञाने आधीच हरकत घेतली, की नुसत्या स्पर्शाने मी माझे ओळखीन, मग ती परीक्षा कसली? (एवढा प्रामाणिकपणा त्याच्यात आहे.) तेव्हा तुझ्या सुनेने त्याला माझी लोकरी कानटोपी घातली, डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि वरून एकदा हे, एकदा ते असे हेडफोन चढवले. गाणं एकच, अण्णा रोज सकाळी रेडिओवर ऐकतात ते. तज्ज्ञ डोलत होता. दुसऱ्या खेपेला त्याने एकदम टेबलावर थाप मारली आणि ओरडला, “हा! हा माझा! गाणारीचा श्वाससुद्धा ऐकू येतोय!”

टॉवेल सोडला. डोक्यावर माझे होते.

मी खुर्चीवरून उठून खोलीला दोन फेऱ्या मारल्या. तुझी सून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तज्ज्ञाने कानटोपी काढून उलटसुलट पाहिली आणि जाहीर केलं, की तिची वीण सदोष आहे.

आता खरी गोष्ट ऐक. या गोंधळात अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते. तुझा भाऊ गेली दोन वर्षं कसा झालाय ते तू जाणतेस. चहा घेता का विचारलं तर “गुरुवारी” म्हणायचे. निम्म्या प्रश्नांना नुसतं “हो हो”. आम्ही समजायचो, स्वभाव वयाबरोबर तिरसट झाला. तुझ्या सुनेने तर धसकाच घेतला होता. शाळेत तिला पर्यवेक्षिका केलं, त्या दिवशी ती धावत आधी अण्णांना सांगायला गेली आणि त्यांनी पेपरचं पान उलटलं. तेव्हापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. मला तिने एकदाच विचारलं, “माझं काय चुकलं?”

तर आम्ही हसतोय हे बघून अण्णा उठून आले आणि त्यांनी हात पुढे केला. मी हेडफोन दिले. त्यांनी कानाला लावले आणि आवाज वाढवत वाढवत शेवटापर्यंत नेला, इतका की गाणं आम्हाला टेबलापलीकडे ऐकू यायला लागलं. आणि ते मोठ्याने म्हणाले, “यात बासरी आहे?”

ते गाणं ते रोज ऐकतात, आत्या. त्यातली बासरी कधी गेली ते त्यांनाही कळलं नव्हतं.

सगळ्यात आधी उमगलं ते तज्ज्ञाला. (यापुढे मी त्या मुलाला चिमटीत धरणार नाही.) त्याने माझा फोन घेतला, त्यात काहीतरी खटपट केली आणि बहिणीपुढे धरून म्हणाला, “ताई, यात बोल. थेट त्यांच्या कानात जाईल.” ती गडबडली. मग म्हणाली, “अण्णा, भाजीत आज मीठ बरोबर होतं का?”

अण्णांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी गावाहून आल्यावर पाहतात. म्हणाले, “अग, तू बोलतेस होय! मला वाटायचं तू माझ्यावर रागावून नुसती पुटपुटतेस. मी कशाला विचारू, म्हणून गप्प बसायचो.”

तुझी सून खुर्चीत बसली. फोन दोन्ही हातांत धरून तिने सांगितलं, “अण्णा, मला पर्यवेक्षिका केलंय.” “कधी?” “दीड वर्ष झालं.” मग ते दोघं दिवे लागेपर्यंत बोलत होते. आम्ही भांडी घासली. (तज्ज्ञाने पुसली. त्यातही त्याला मतं आहेत.)

हेडफोन आता अण्णांच्या कानांवर असतात आणि फोन ज्याला बोलायचंय त्याच्या हातात. मी तज्ज्ञाचे मखमली हेडफोन कामाला नेतो, त्याने आपणहून दिले. मुख्य बाईंनी परवा माझा कागद वाचला आणि कुणालाही बोलावलं नाही. तेव्हा सगळं छान चाललंय, तू काळजी करू नकोस. तुझ्या सुनेचा तुला नमस्कार.

तुझा लाडका (तूच म्हणायचीस)
भाचा

ता. क. सगळं छान चाललेलं नाही. अण्णा कानाच्या डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. म्हणतात, माझे कान ठणठणीत आहेत, तुम्हीच सगळे हळू बोलता. जगात ते फक्त तुला घाबरतात. पुढच्या बुधवारी दोन माणसांची वेळ घेऊन ठेवली आहे. तू मंगळवारी ये आणि सांग, की मला कान दाखवायचेत, सोबत चल. तुला ते नाही म्हणणार नाहीत.

ता. ता. क. दोन माणसांची वेळ चुकून घेतलेली नाही, आत्या. रागावू नकोस. मागच्या महिन्यात तू फोन केलास तेव्हा मी शेजारीच उभा होतो, तुझं बोलणं मलाही ऐकू येत होतं. अण्णा तुला त्यांच्या दुखऱ्या दाढेबद्दल सांगत होते आणि तू त्यांना तुझ्या गळक्या छपराबद्दल. ते म्हणाले, “उपटूनच टाकतो आता.” तू म्हणालीस, “ताडपत्री घातली आहे, बघू किती टिकते.” अर्धा तास असंच चाललं. फोन ठेवल्यावर अण्णा मला म्हणाले, की कितीतरी दिवसांनी मनासारखं बोलणं झालं. आणि चार दिवसांनी तुझं कार्ड आलं, त्यातही तेच लिहिलं होतं.