जिन्यावरचा अर्धा तास

९ जुलै

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

आधी सांगते, कुणी आजारी नाही. पत्र बघून दचकला असाल म्हणून. फोन केला असता, पण आमच्या एका खोलीत फोन म्हणजे जाहीर सभा. मी हॅलो म्हटलं की बाबा विचारतात कोण आहे, आणि मी तोंड उघडायच्या आत पोरगी सांगून मोकळी. म्हणून मोरीपाशी बसून तिच्या वहीच्या पानावर लिहितेय.

दुकानं उघडली. तुमच्या भावानं खुर्च्या पुसल्या, आरसे लखलखीत केले. पण रोज लवकर घरी येतात. गिऱ्हाईकच नाही म्हणतात. गिऱ्हाईक आहे, ताई. शेजारचा शिंपी सांगत होता, रांग असते. हे केस कापतात, दाढीला मात्र नाही म्हणतात. कुणी मास्क काढून गाल पुढे केला की यांना घाम फुटतो, हात थरथरतो. पहिल्याच आठवड्यात एकाला गळ्यापाशी लागलं. थोडंसंच, पण तेव्हापासून झोप उडालीय. वस्तऱ्याची पेटी घरी आणून कपाटावर टाकलीय. हात बसला नाही तर दुकान सोडतो म्हणतात. आणि दुसरं काय येतं हो यांना? चहासुद्धा धड येत नाही.

मी लिहिलं हे कळू देऊ नका. लोभ आहे तेवढाच ठेवा, वाढवायला इथे जागा नाही.

तुमची भावजय

१५ जुलै

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

मला कुणी कळवलं ते विचारू नकोस. तुझ्या बायकोनं तर मुळीच नाही.

तुला माझी एक गंमत सांगते. मार्चपासून ऑफिस घरातच आहे. तीन खोल्या आणि त्यात मी एकटी. एके दिवशी स्टेपलरमधल्या पिना संपल्या आणि मी जी रडायला लागले ती थांबेचना. पिनांसाठी! मग ऑफिसनं एक समुपदेशक बाई गाठून दिल्या. आठवड्यातून एकदा त्यांच्याशी फोनवर बोलते. वेडबीड काही नाही, खोकला झाला की डॉक्टरकडे जातो तसंच. तुझ्यासाठी त्यांना गळ घातली. पैसे घेणार नाहीत. शनिवारी चारला त्यांचा फोन येईल. दार लावून घे आणि निवांत बोल. नुसतं हं हं करू नकोस, माझ्याशी करतोस तसं.

माया आहे तसा आगाऊपणाही आहे. दोन्ही गोड मानून घे.

तुझी ताई

२६ जुलै

ती. ताईस,
सा. न.

दार लावून घे हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. कुठलं दार गं? आमचं एकच आहे, आणि ते लावलं की सगळे माझ्यासोबत आत. संडास मजल्याला मिळून एक, तिथे दोन मिनिटं झाली की कडी वाजते. दुकानात जाऊन बोललो असतो, तर शनिवारी चारला तिथे गर्दी.

फोन आला. बाबा कॉटच्या काठावर येऊन बसले, कान पुढे करून. पोरगी गणितं सोडवत होती, म्हणजे सोडवत नव्हती. बायको तेच ताट पुसत राहिली. बाईंनी विचारलं झोप लागते का. म्हटलं, छान. भीती वाटते का? छे. हात? एकदम दगड. बाई खूश, म्हणाल्या तुम्ही फार चांगलं सावरलंय. बाबांनी पाठ थोपटली आणि पोरीला सांगितलं, बघ तुझा बाप कसा खंबीर आहे.

तुला रडायला खोली आहे, ताई. रागानं नाही म्हणत, हेवा वाटतो. आता बाईंना परत फोन करायची लाज वाटते. आणि बाबांसमोर थरथरतो म्हणायची तर त्याहून जास्त.

हे पत्र फाडून टाक. किंवा राहू दे, अक्षर बरं आलंय.

तुझा टिल्लू

३० ऑगस्ट

चि. मोठीस,
अ. उ. आ.

टिल्लूबद्दलची तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला, कारण आधी काम करायचं होतं. पोरगा आतून हलला आणि मला कळलं नाही, याचं वाईट वाटलं. जन्मभर बस चालवली. आरशात मागचं दार दिसतं, कोण रडतंय ते नाही दिसत.

तुझ्या पहिल्या पत्रानंतरच्या शनिवारी चारला मी सगळ्यांना चपला घालायला लावल्या आणि जिन्यात नेऊन बसवलं, एका पायरीवर एक. टिल्लू आत, आम्ही बाहेर. तूच फोनवरच्या बाईंना सगळं सांगून ठेवलंस, ते बरं झालं. आतलं ऐकू येऊ नये म्हणून मी रेडिओ लावला. सूनबाई म्हणाली, तुम्ही नुसते बोला, रेडिओची गरज नाही. अर्ध्या तासानं तो बाहेर आला, डोळे लाल. काही विचारायचं नाही म्हणून पोरीला मी आधीच दम भरला होता.

पुढच्या खेपेला खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई वर आल्या. विचारायला लागल्या, भांडण झालं की काय, सगळे बाहेर कसे? खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, टिल्लूचं झालं की खोली थोडा वेळ मला मिळेल का? त्यांच्या घरात सात माणसं. फोन वगैरे काही करत नाहीत, नुसत्या आत बसतात. आता शिंपीही येतो. आमचा दर शनिवार जिन्यात जातो, आणि छान जातो.

काल नर्सबाई आत होत्या. टिल्लू माझ्याकडे बघून म्हणाला, बाबा, काय हा अवतार! दुसऱ्या कुणाच्या हातून दाढी करणार नाही म्हणून मी ती मार्चपासून वाढवलीय. म्हटलं, मग कर की. तो हातांकडे बघत बसला. पेटी आत, आत नर्सबाई. वाटलं, त्या बाहेर येईपर्यंत हा पळणार. नाही पळाला. पेटी आणली, साबण लावला, आणि सगळ्यांदेखत म्हणाला की बाबा, हात थरथरतोय. मी म्हटलं, थांबू मग. मी रिटायर माणूस, मला कुठे जायचंय?

थांबलो. मग त्यानं माझी हनुवटी वर केली. मी डोळे मिटले. सवयीनं. थोडं भीतीनंही.

उजवा गाल झाला आणि त्यानं वस्तरा खाली ठेवला. म्हणाला, आज एवढंच. डावा पुढच्या शनिवारी. तोवर मी अर्धाच माणूस आहे. बाहेर मास्क असतो, कुणाला कळत नाही. घरात मात्र उजवा गाल त्याच्याकडे करून बसतो.

रस्ते मोकळे झाले की ये. खोल्या तुझ्याकडे आहेतच. जिन्यात माझ्या वरची पायरी तुझ्यासाठी ठेवलीय.

तुझे बाबा