धाकटीचं रूट कॅनल

३ नोव्हेंबर, मंगळवार

हॉटेलवाला धाकटीला भिंतीवर टांगणार म्हणतोय. टांगणार! वर रंगीत दिवे सोडणार, खाली लोक बसून चहा पिणार.

धाकटी म्हणजे बाबांची मोटरसायकल. मी चार वर्षांची होते तेव्हा ती घरात आली. तेव्हापासून मी थोरली, ती धाकटी. दोघींत ती जास्त समजूतदार, असं बाबांचं मत आहे आणि ते त्यांनी कधी लपवलेलं नाही. ऑगस्टमध्ये बाबांचा गुडघा बदलला. किक मारायची नाही, गाडीवर बसायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. तेव्हापासून ती अंगणाच्या कोपऱ्यात ताडपत्री पांघरून उभी आहे.

आज जेवताना बाबा म्हणाले, "उभी राहिलेली गाडी म्हणजे नुसतं लोखंड. हॉटेलवाल्याला दिली तर निदान कोणी पुसेल तरी."

मी लगेच म्हटलं, "आणि चालू झाली तर?"

"कोण करणार चालू?"

"मी."

आई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. बाबा मात्र हसले नाहीत. हे मुद्दाम लिहून ठेवते.

४ नोव्हेंबर, बुधवार

रीतसर करार झाला. बाबांनी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे लिहिलं: रविवार, २२ तारखेपर्यंत गाडी चालू होऊन शांत उभी राहिली पाहिजे. नुसती भुकभुकली तर धरणार नाही. नाहीतर हॉटेलवाला टेम्पो घेऊन येणार. मी सही ठोकली.

बाबा म्हणाले, "अगं, वाचून तरी कर. ऑगस्टमध्येही हेच केलंस. दिसला कागद की मारली सही."

खरं आहे. ऑपरेशनच्या वेळी त्यांनी पुढे केलेल्या गठ्ठ्यावर मी नुसत्या सह्या करत सुटले होते. हॉस्पिटलचे, विम्याचे, काय नि काय. मी रोज लोकांना "वाचून सही करा" सांगते. दातांची डॉक्टर आहे, दुसऱ्यांनाच सांगायची सवय.

मग करार वाचला. खाली बारीक अक्षरात होतं — अंगणातला पसाराही मीच आवरायचा. हे कलम आईचंच!

८ नोव्हेंबर, रविवार

सकाळी टाकीतलं पेट्रोल काढलं. तीन महिने मुरलेलं, त्याला जुन्या पॉलिशसारखा वास. नवीन भरलं. चोक ओढून किका मारल्या. विसाव्या किकेला चालू झाली. चोक सोडला की बंद. पुन्हा ओढला की चालू. सोडला की बंद. मला शाळेत सोडताना मी असंच करायचे म्हणे.

बाबा स्टुलावर बसून, पाय लांब करून हुकूम सोडत होते. "तिला हळू चालताना पेट्रोल मिळत नाहीये. कार्बोरेटर उतरव. आत एक बारीक पितळी जेट असेल, पायलट जेट म्हणतात. तो तुंबला असणार."

उतरवला. एवढासा डबा, आणि आत काय काय! खालच्या वाटीत चिकट पिवळा थर. बघूनच ओळखलं, हे आमच्याच खात्यातलं. रोज वीस तोंडांत हेच बघते. वाटी धुतली, तिच्यातला तरंगता फ्लोट पुसला. जेट मात्र पार बुजलेला. उजेडाकडे धरला तर काहीच दिसेना.

बाबांना व्यायामाला जायचं होतं. जाता जाता म्हणाले, "हवा मारून साफ कर. बाकी काही करू नकोस."

९ नोव्हेंबर, सोमवार

हवा मारली. ढिम्म.

मग डोक्यात आलं. बारीक नळी. आत घाण. तोंड केसाएवढं. अगं बाई, हेच तर तू पंधरा वर्षं करते आहेस!

दोन पेशंटांच्या मधल्या वेळात जेट दवाखान्यात नेला. दिवा वर घेतला, भिंगाचा चष्मा लावला. सगळ्यात बारीक फाइल, म्हणजे दातातली नळी खरवडायची सुई, आत सरकवली आणि हलक्या हाताने फिरवली. गेली. मग त्याहून जाड. मग आणखी जाड. आमच्याकडे शिस्तच तशी, एकेक नंबर वाढवत भिंती गुळगुळीत होईपर्यंत जायचं. पितळ काय मऊ! दातावर असा सरसर हात कधी चालला नव्हता.

रिसेप्शनिस्ट डोकावली. "मॅडम, हे कोण?"

"धाकटी बहीण."

"वर टोपी बसवणार का?"

संध्याकाळी बाबांना नुसतं सांगितलं, "झाला साफ." कसा ते सांगितलं नाही. चालू झाल्यावर ऐटीत सांगू.

१० नोव्हेंबर, मंगळवार

चोक न ओढता तिसऱ्या किकेला चालू! अंगणात नाचले. आईने खिडकीतून बघितलं.

मग ती खोकायला लागली. काळा धूर. बंद.

११ नोव्हेंबर, बुधवार

प्लग काढला. कोळसा. बाबांनी बोटाने पुसून बघितला. "काळा म्हणजे पेट्रोल जास्त पितेय. बाजूचा हवेचा स्क्रू बघ. पूर्ण आवळ, मग दीड फेरा बाहेर. तिचं माप दीडच. एकोणचाळीस वर्षं दीडच."

दीड फेरा सोडला. गुडगुड, धूर, बंद.

"दोन कर."

दोन केला. तेच.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

एका पेशंटने आ केला आणि लगेच मिटला. "डॉक्टर, पेट्रोलचा वास येतोय." म्हटलं, नवीन औषध आहे. देवा, माफ कर.

१५ नोव्हेंबर, रविवार

सगळा दिवस गाडीपाशी. एअर फिल्टर धुतला. चोक पूर्ण बंद होतोय का बघितलं, होतोय. फ्लोटची उंची पट्टीने मोजली, बरोबर. नवा प्लग लावला, दहा मिनिटांत तोही काळा. स्क्रू अडीच फेरे, तीन, साडेतीन, आणि मग तो सुटून माझ्या हातातच आला. स्प्रिंग उडाली ती आईच्या कुंडीत सापडली. कुंडी सांडली. आईने करार आणून माझ्यासमोर धरला आणि पसाऱ्याच्या कलमावर बोट ठेवलं.

बाबांची गाडी सुरात लावायची पद्धत अशी की ते डोळे मिटतात, मान जरा डावीकडे झुकवतात आणि ऐकतात. लहानपणी मी त्यांच्यासमोर तोंडावर बोट ठेवून बसायचे, कारण त्या वेळी कोणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. गल्लीतले लोक आपापल्या गाड्या घेऊन यायचे. बाबा ऐकायचे, स्क्रूला पाव फेरा द्यायचे, आणि गाडी शहाण्यासारखी चालायला लागायची. बघणाऱ्याला जादू वाटायची. मला तर अजून वाटते.

आज त्यांनी सहा वेळा डोळे मिटून ऐकलं. सहाव्यांदा उघडले आणि म्हणाले, "मला वाटतंय ती जास्तच पितेय. पण तू एवढी हवा सोडलीस, मग पिणार कशी? माझेच कान गेले असतील."

मी म्हटलं, काहीतरीच काय.

"वय झालं की जातात." आणि स्टूल उचलून आत गेले. ते स्टूल उचलायलाही त्यांना बंदी आहे.

मला फार वाईट वाटलं. गाडी भिंतीवर गेली तर जाईल. पण बाबांनी ते वाक्य बोलायला नको होतं.

१६ नोव्हेंबर, सोमवार

हॉटेलवाला येऊन भिंतीचं माप सांगून गेला. बाबा नुसते हूं हूं करत होते.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

आता जे लिहिते आहे ते कोणाला सांगू नये असं आहे.

दुपारी दवाखाना बंद ठेवून स्पेअर पार्टवाल्या काकांकडे गेले. कार्बोरेटरचे सगळे भाग डबीत घालून नेले. त्यांनी एकेक उचलून बघितला. जेट हातात घेतला, त्यावरचा नंबर वाचला, मग डोळ्याला लावून रस्त्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ताई, यातून मला समोरचा फळवाला दिसतोय."

म्हटलं, मग साफ आहे ना?

"साफ? अहो, या नंबरच्या जेटला एवढं भोक असतं का? कोणीतरी आत घालून कोरलंय. याचं मापच तर महत्त्वाचं, ताई. आता तुम्ही स्क्रू फिरवा नाहीतर गाडी फिरवा, पेट्रोल धो धो जाणार." मग त्यांनी मान वर केली. "कोणी केलं हे?"

मी म्हटलं, "ओळखीतला एक माणूस आहे."

"त्याच्या हातात पुन्हा काही देऊ नका."

"सांगते त्याला."

तशा नंबरचा जेट त्यांच्याकडे नाही. शनिवारपर्यंत मागवून देतो म्हणाले. शनिवार २१ तारीख. मुदत २२.

येताना सगळा रस्ता स्वतःला शिव्या घातल्या. पंधरा वर्षांचा अनुभव! जिथे रुंद करायचं नाही तिथे चकचकीत रुंद करून आले. आणि बाबांचे कान? ठणठणीत. ती जास्तच पीत होती. मीच पाजत होते.

१८ नोव्हेंबर, बुधवार

सांगितलं नाही. धीर झाला नाही.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

दवाखान्यातून आले तर आई म्हणाली, बाबा कानाच्या डॉक्टरचा नंबर शोधत होते. मग मात्र राहवेना. तशीच खाली बाबांकडे गेले, एप्रनसुद्धा काढला नव्हता. कोरलेला जेट त्यांच्या हातावर ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. फाइल, नंबर, गुळगुळीत भिंती, फळवाला, सगळं.

बाबांनी जेट डोळ्याला लावला. मग खाली घेतला. मग हसायला लागले, ते थांबेचनात. गुडघा दुखायला लागला तरी हसत होते. आईला हाक मारली, "अगं ऐकलंस का, डॉक्टरीणबाईंनी धाकटीचं रूट कॅनल केलं!"

मी म्हटलं, "हसा. पण तुमचे कान चांगले आहेत हे आधी कबूल करा."

त्यांनी डोळे पुसले. जेट शर्टाच्या खिशात टाकला. म्हणाले, "हवा मारून साफ कर म्हटलं होतं." पण आवाजात राग नव्हता. रात्री जेवताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२१ नोव्हेंबर, शनिवार

जेट आला. शेंगदाण्याएवढाही नाही. काकांनी पुडी देताना बजावलं, "त्या ओळखीच्या माणसाला दाखवू नका."

२२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सात वाजता बसवला. हाताने, हळूच, नुसता बसवला. स्क्रू पूर्ण आवळून दीड फेरा सोडला. स्टूल मी उचलून आणलं.

दुसऱ्या किकेला चालू. धूर नाही. बाबांनी डोळे मिटले, मान डावीकडे झुकवली. मी तोंडावर बोट ठेवून उभी राहिले, सवयच ती. आईसुद्धा खिडकीत गप्प.

"पाव फेरा आत."

दिला.

"आता सोड तिला."

हात काढला. धाकटी आपली आपण चालत राहिली. एकसारखी, शांत, शेगडीवर मंद आचेवर काही ठेवावं तशी. टाकीवर तळवा ठेवला तर नुसती गुदगुली. मला ओरडावंसं वाटत होतं, पण बाबांचे डोळे अजून मिटलेलेच होते, म्हणून गिळलं.

दहाला हॉटेलवाला टेम्पो घेऊन हजर. चालू गाडी बघून त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "काका, आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. पण गाडी माझी कुठे आहे? मालकिणीला विचारा."

मला वाटलं आईला म्हणतायत. पण तो माझ्याकडे वळला. "हो, काका म्हणाले होते. टांगायचं ठरलं तर सही तुमचीच लागेल, ताई. काय करू मग, जाऊ?"

मी म्हटलं, "जा." काय चाललंय ते कळलं नव्हतं, तरी म्हटलं.

२३ नोव्हेंबर, सोमवार

आईने कपाटातून गाडीचे कागद काढून दिले. मालक म्हणून माझं नाव. ऑगस्टमधल्या त्या गठ्ठ्यातली एक सही ह्या कागदांसाठी होती. तारीख बाबांच्या ऑपरेशनच्या चार दिवस आधीची.

मी विचारलं तर बाबा म्हणाले, "टेबलावरून उठलो नसतो तर बेवारस झाली असती ना ती."

ऑपरेशनच्या दिवशी मात्र हॉस्पिटलात "गुडघा बदलतायत, मला नाही" म्हणून सगळ्यांना हसवत होते. मी आज त्यांना "घाबरट" म्हटलं आणि जिन्यात जाऊन बसले. रडले. बऱ्याच वेळाने खालून हाक आली, "थोरले, प्लग काढून रंग बघ आज!"